मे महिन्यातलं मोझरेला का ताणलं जात नाही? (आमचा मुरबाडचा गोठा आणि बारा महिने)

गोठेकरीण | २ जून, रात्री १०:४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. निमित्त एका तक्रारीचं आहे.

आम्ही राहतो ठाण्यात, वर्तकनगरला. नवऱ्याचं गाव मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे. तिथे सासूबाई, दीर, जाऊ, २२ म्हशी आणि ४ गायी. गेली सहा वर्षं मी आणि जाऊ चीज करतो. शुक्रवारी रात्री मी जाते, शनिवारी पातेल्याशी उभी असते, रविवारी डिकीत बर्फाची पेटी टाकून परत. ठाण्यात पन्नासेक ठरलेली घरं आहेत. म्हशीच्या दुधाचं मोझरेला, खाऱ्या पाण्यातलं पांढरं चीज, आणि गाईच्या दुधाचं तीन-चार महिने मुरवलेलं एक चाक. त्याला आम्ही गौडा म्हणतो, हॉलंडचा माणूस बहुधा म्हणणार नाही.

तर परवा एका ताईंचा मेसेज आला: "जानेवारीतलं मोझरेला पिझ्झावर हातभर ताणलं जायचं. या वेळचं चुरा होऊन पडतंय. दुधात पाणी घालायला लागलात का?"

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, मे मइन्यात ये आन म्हशीखाली बस. पानी घालायला तरी दूध नको का?"

त्या ताईंना मी मेसेजमध्ये जे धड सांगू शकले नाही ते इथे लिहिते.

म्हैस बारा महिने सारखी वीत नाही. पावसाळा सरून दिवस लहान व्हायला लागले की ती माजावर येते. दहा महिने दहा दिवस गाभण राहते. म्हणजे पुन्हा तोच श्रावण-भाद्रपद ते कार्तिक. आमच्या २२ पैकी पंधरा-सोळा त्याच दिवसांत वितात. डिसेंबरात रोजचं दूध १३०-१४० लिटर, आणि आत्ता कालचा आकडा ५४. ज्या दूध देतायत त्या सगळ्या आटत आलेल्या, विऊन सात-आठ महिने झालेल्या.

आटतीचं दूध चाखूनही कळतं. किंचित खारट लागतं. फॅट भरपूर लागते, त्यामुळे डेअरीच्या काट्यावर ते चांगलंच दिसतं. पण चीजला नुसती फॅट पुरत नाही. जानेवारीत ३६ अंशाच्या दुधात रेनेट (दूध बसवणारं विकर) घातलं की पाऊण तासात सुरी घालावी, दही आरशासारखं फाटतं, कडा तीक्ष्ण, मधे सुटलेलं पाणी हिरवट निवळ. मेमध्ये तासभर वाट बघूनही सुरीला दही चिकटतं, कडा ढासळते आणि सुटलेलं पाणी ताकासारखं पांढरं. ते पांढरं म्हणजे आमचं चीजच वाहून चाललेलं असतं.

त्यात उन्हाळा. सकाळची धार साडेचारला, दूध अंगाच्या गरमीचं, वीज गेलेली असली तर थंड करायचं यंत्र बंद. पातेल्यात येईतो ते थोडं आंबायला लागलेलं असतं. मोझरेलाचं सगळं गणित आंबटपणावर आहे. पीएच ५.२ च्या आसपास आला की सुपारीएवढा तुकडा कढत पाण्यात टाकायचा, अर्ध्या मिनिटाने दोन बोटांत धरून ओढायचा. चकाकत, न तुटता लांब गेला तर जमलं. ही वेळ जानेवारीत अर्धा तास टिकते. मेमध्ये मी फोन घ्यायला ओसरीवर जाऊन येईतो निघून गेलेली असते.

म्हशीला घाम येत नाही. काळी कातडी, वर ऊन. मेमध्ये काळू नदीत डबक्यापुरतं पाणी राहतं आणि अकरा ते चार आमच्या म्हशी त्यात फक्त नाकपुड्या वर ठेवून बसलेल्या असतात. पाठीवर एखादा कोतवाल पक्षी. तिथून त्यांना उठवणं हे दिराचं रोजचं भांडण.

तुमच्यापैकी कोणी गोठ्यात वाढलेलं असेल, दुधाच्या धंद्यात असेल, तर लिहा. तुमच्याकडे ऋतूबरोबर काय काय बदलायचं?

अर्धा_कप | २ जून, रात्री ११:१५

मस्त लिहिलंय. सासूबाईंचं वाक्य तर फ्रेम करण्यासारखं. एक भाबडा प्रश्न: मग मेमध्ये मोझरेला करताच कशाला?

गोठेकरीण | २ जून, रात्री ११:३२

कारण सुट्ट्या असतात, मुलं घरी असतात आणि पिझ्झा मेमध्येच लागतो :) इटलीत जिथे हे चीज जन्मलं, त्या कंपानिया भागातल्या म्हैसवाल्यांचंही हेच रडगाणं आहे. गिऱ्हाईक उन्हाळ्यात, दूध हिवाळ्यात. त्यांनी रेडे वेगळे ठेवून, विण्याचा हंगामच पुढे ढकलायची पद्धत बसवली. आमच्या दिराला हे सांगितलं तर तो म्हणाला, वहिनी, आधी रेड्याला समजवा.

सानपाडा_५ | ३ जून, सकाळी ८:०५

माफ करा, पण ही सबब वाटते. मोठ्या डेअऱ्यांचं मोझरेला बारा महिने एकसारखं असतं. त्यांच्या म्हशींना ऋतू नाहीत का? पैसे आपण जानेवारीइतकेच घेता ना मेमध्ये?

गोठेकरीण | ३ जून, दुपारी १:२०

रास्त प्रश्न. त्यांच्याकडे दूध अनेक जिल्ह्यांतून येतं, गाईचं-म्हशीचं, आटतीचं-ताजं सगळं एकत्र. मग फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) मोजून हवं तिथे आणतात. पुष्ट काळात जास्तीचं दूध आलं की त्याची पावडर आणि लोणी करून ठेवतात, कृश काळात तेच पुन्हा दुधात मिसळतात. त्यात चूक काहीच नाही, नाहीतर मेमध्ये शहराला चहाच मिळाला नसता. पण माझ्याकडे एकच गोठा आहे आणि एकच पातेलं.

पैशाचं म्हणाल तर बरोबर पकडलंत. भाव तोच होता. बिघडलेलं मोझरेला मी द्यायलाच नको होतं. त्या ताईंना पैसे परत केले आहेत.

सानपाडा_५ | ३ जून, दुपारी १:४१

हे पटलं.

जुना_नौपाडकर | ३ जून, रात्री ९:५०

धागा वाचून फार मागे गेलो. मी आता सत्तरीत आहे. आमच्या लहानपणी ठाण्यात तबेला शोधायला वास पुरायचा. नौपाड्यातून स्टेशनकडे जाताना दोन होते. भैया धार काढत असायचा आणि आम्ही पितळी लोटी घेऊन रांगेत. फेस उतरेपर्यंत मोजून घ्यायचं नाही ही आईची अट.

मुंबईतले तबेले हलवायला सरकारने १९४९ साली आरे कॉलनी उभी केली, पण सगळे काही तिकडे गेले नाहीत. कितीतरी तबेले उपनगरांत, ठाण्याकडे सरकले. या म्हशी बहुतेक दूध देणाऱ्या अवस्थेत विकत आणलेल्या, मुऱ्हा नाहीतर जाफराबादी. त्यांना ऋतू असा नव्हताच. एक भाकड झाली की तिच्या जागी दुसरी विलेली यायची. गोठेकरीणबाई म्हणतात तो फरक आम्हाला शहरात कधी कळला नाही तो यामुळे. दूध बारमाही होतं, म्हैस बदलत होती.

आणि त्या सगळ्यांना गवत कुठून यायचं? तुमच्याच भागातून! शहापूर, मुरबाड, वाडा. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचं गवत कापायचं, वाळवायचं, दाबून गठ्ठे बांधायचे. वडिलांचे एक स्नेही गवताच्या वखारीत मुनीम होते. त्यांच्या सदऱ्याला बारा महिने वाळक्या गवताचा वास असायचा आणि ते सारखे शिंकायचे. आम्ही पोरं त्यांना शिंकेकाका म्हणायचो. वखारी गेल्या, शिंकेकाकाही गेले.

अजून पहाटेच्या कसारा लोकलच्या लगेज डब्यात दुधाचे हंडे दिसतात का हो कोणाला?

चिंबोरी | ३ जून, रात्री १०:१२

दिसतात काका. त्या डब्यात चुकून चढलात तर मात्र कल्याणपर्यंत एका पायावर.

निवृत्त_पशुवैद्य | ४ जून, सकाळी ६:३०

गोठेकरीण, लेख आवडला. एक दुरुस्ती. म्हशीला घाम येतच नाही असं नाही. घर्मग्रंथी असतात, पण गाईपेक्षा बऱ्याच कमी. म्हणून तिला अंगावर पाणी लागतं. दुपारी डुंबणं हा तिचा आळस नाही, दिराला सांगा.

दुसरं असं, की उन्हाळ्यात म्हशी माजावर येतच नाहीत असंही पूर्ण खरं नाही. काही येतात, पण मुका माज असतो. ओरडत नाही, बळस (माजातला चिकट स्राव) नीट टाकत नाही, आला तरी रात्री, आणि तोही थोडा वेळ. दिवसा बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. रात्री दहाला आणि पहाटे चारला गोठ्यात एक फेरी मारा, रेडा नसेल तर तज्ज्ञाला दाखवा. दोन-चार म्हशी जरी मार्च-एप्रिल-मेमध्ये गाभण राहिल्या तर जानेवारी ते मार्चमध्ये वितील आणि तुमच्या पुढच्या मेच्या पातेल्यात ताजं दूध येईल. सगळा कळप ओढायच्या भानगडीत पडू नका, खर्च परवडणार नाही.

उन्हाळ्यात वैरण दुपारी टाकू नका. पहाटे आणि रात्री टाका, तेव्हाच ती पोटभर खाते.

आणि घटसर्पाची लस टोचून झाली ना? पाऊस दाराशी आलाय.

गोठेकरीण | ४ जून, सकाळी ९:००

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. लस मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. रात्रीची फेरी जावेने आजपासूनच अंगावर घेतली आहे. घाम येत नाही हे वाक्य मागे घेते.

वाशीची_मावशी | ४ जून, दुपारी ४:१०

मी घरी करून पाहिलं. पिशवीतलं फुल क्रीम दूध, ऑनलाइन मागवलेलं रेनेट. दोन तास झाले तरी नुसता शेवयांच्या खिरीसारखा गोळा. काय चुकलं? आमच्या घरी याला आता 'आजीची प्रयोगशाळा' म्हणतात.

गोठेकरीण | ४ जून, रात्री ९:१५

मावशी, तुमचं फारसं चुकलेलं नाही. पिशवीतलं दूध तापवून थंड केलेलं असतं, त्यात त्यातलं कॅल्शियम थोडं विस्कटतं. शिवाय काही दुधांत सायीचे कण फोडून एकजीव केलेले असतात, त्याचं दही मऊच बसतं. कॅल्शियम क्लोराईडचे चार थेंब पाण्यात विरघळवून रेनेटच्या आधी घालून बघा, खूप फरक पडेल. पुठ्ठ्याच्या खोक्यातलं, महिनोन्‌महिने टिकणारं दूध मात्र आणू नका, ते देवालाही जमणार नाही.

नाहीतर सरळ पनीर करा. त्याला हे नखरे नाहीत. दूध उकळी येईपर्यंत तापवा, गॅस बंद करून दहा मिनिटं थांबा, मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा. हिरवट पाणी दिसलं की हात थांबवा. म्हशीच्या पाच लिटरला किलोच्या आसपास पडतं. गाईचं कमी पडतं.

पितळी_लोटी | ५ जून, सकाळी ११:००

टोपलीच्या पनीरचं कोणी बोललं नाही अजून? आमच्या शेजारच्या पारशी आजी करायच्या. वेताच्या इवल्या टोपल्यांत बसवलेलं, टोपलीची नक्षी अंगावर उमटलेली, आणि आपल्याच खाऱ्या पाण्यात डुंबत ठेवलेलं. मूळ पद्धतीत कोंबडीच्या पोटाचं वाळवलेलं अस्तर वापरत. आमच्या आईला हे कळलं त्या दिवसापासून आमच्याकडचं टोपली पनीर बंद :(

गोठेकरीण | ५ जून, सकाळी ११:२५

आमचं रेनेट बुरशीपासून केलेलं आहे, शाकाहारी. हे आधीच लिहायला हवं होतं, निम्मे लोक तोच प्रश्न विचारतात. आणि आमचं खाऱ्या पाण्यातलं चीज खरं तर त्याच टोपलीच्या नकलेतून सुरू झालं.

गोमाता_प्रथम | ५ जून, दुपारी १२:०२

म्हशीच्या दुधाचा एवढा उदोउदो कशासाठी? ए-टू दूध फक्त देशी गाईचं. बाकी सगळं विष.

चिंबोरी | ५ जून, दुपारी १२:१०

म्हशीच्या दुधातलं बीटा केसीन हे प्रथिनही ए-टू प्रकारचंच असतं. आता विष मागे घ्या आणि चहा घ्या.

खाडीकाठी | ६ जून, रात्री ८:४५

मी ऐरोलीला राहतो, खिडकीतून ठाणे खाडी दिसते. आमचा ऋतू पक्ष्यांवर चालतो. नोव्हेंबर-डिसेंबरात रोहित (फ्लेमिंगो) यायला लागतात, मेअखेर पाण्यावरचा गुलाबी रंग उडून जातो. आता थोडेच उरलेत. त्याच वेळी इकडच्या रस्त्याकडेच्या गुरांमागे फिरणारे गायबगळे डोक्या-मानेवर नारिंगी होतात. तुमच्याकडेही होत असतील. त्यांचं आणि म्हशीचं काय नातं असतं, म्हणजे गोचीड खातात का खरंच?

गोठेकरीण | ६ जून, रात्री ९:३०

गोचिडीपेक्षा म्हशीच्या पायाखालून उडणाऱ्या टोळांवर त्यांचा डोळा जास्त. म्हैस चालली की गवत हलतं, किडे उडतात, बगळा मागे. नांगरामागेही तसेच. आमच्या सासूबाई बगळे नारिंगी झाले की छपरावरचं प्लास्टिक काढून बघायला लावतात, कुठे फाटलंय का ते.

आणि काल रात्री काजवे दिसले. ओढ्याकाठच्या एकाच झाडावर, सगळे मिळून लागायचे आणि विझायचे. म्हणजे आता आठवड्याभरात.

जुना_नौपाडकर | ७ जून, सकाळी ७:००

आज मृग लागला. ठाण्यात ढग आहेत, पाणी नाही.

चिंबोरी | १४ जून, संध्याकाळी ६:२०

आलाऽऽऽ! आणि स्टेशनबाहेर शेवळं आली, पहिल्या पावसातली ती रानभाजी. बायका त्यात घालायची आंबट काकडं पण घेऊन बसल्यायत. मुरबाडवाल्या बाई, तुमच्याकडे काय भाव?

गोठेकरीण | १४ जून, रात्री ९:००

आमच्याकडे भाव नाही, सकाळी पायाने चिखल बाजूला करून खुडायची. मात्र काकडाचा रस घातल्याशिवाय खाल तर घसा तीन दिवस धरून बसाल.

एक गंमत. पहिल्या पावसानंतर माळावर सगळ्यात आधी वर येतो टाकळा. आपण त्याची कोवळी भाजी खातो. म्हैस त्याला तोंड लावत नाही. आसपासचं सगळं गवत कुरतडून टाकळा तेवढा दिमाखात उभा. सासूबाईंचं म्हणणं, म्हशीला कळतं ते माणसाला कळत नाही. मग स्वतःच टोपलीभर खुडून आणतात.

गोठेकरीण | २१ जुलै, रात्री ११:५०

धागा वर काढतेय. डोकं शांत व्हायला लिहितेय.

पावसाळ्यात हिरवा ओला चारा सुरू झाला की दूध थोडं चढतं आणि फॅट उतरते. ओल्या गवतात नुसतं पाणीच, तंतू कमी. दीर डेअरीच्या काट्यावर दर बघून तोंड पाडून येतो. त्यावर उपाय माहीत आहे, हिरव्यात भाताचा पेंढा मिसळून घालायचा, तो आम्ही घालतोही. यंदा पेंढ्याची गंजी एका बाजूने भिजली. भिजलेला पेंढा गोठ्यात खाली अंथरला गेला. ओलं अंथरूण, त्यावर बसलेली म्हैस, आणि मंगळवारी एका म्हशीला दगडी, म्हणजे कासेचा आजार. डावा मागचा सड लाल, कास टणक, धारेत दह्यासारख्या गुठळ्या. डॉक्टर आले, इंजेक्शन झालं, सडात औषध सोडलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, इतके दिवस हिचं दूध वेगळं काढा, कुठेही मिसळू नका.

दिराने पाळलं. पण शुक्रवारी रात्री त्याला तापाने गुंगी, आणि धार काढायला आला शेजारचा पोरगा. त्याला कोणी सांगितलंच नाही. सगळं दूध एका कॅनमध्ये.

शनिवारी मी ४० लिटर पातेल्यात घेतलं, विरजण घातलं, तास गेला, दीड गेला. आंबटपणा हलेना. रेनेटने दही बसलं, छान बसलं, उन्हाळ्यापेक्षा छान. पण दह्यातले जिवाणू मेलेले. पीएच सहाच्या वरच अडकलेला. सुपारीएवढा तुकडा कढत पाण्यात टाकला तर रव्यासारखा विरघळून तळाशी. जावेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग तिला तो पोरगा आठवला.

सगळं शेणखताच्या खड्ड्यात. ज्यांनी आगाऊ सांगून ठेवलं होतं त्या सगळ्यांना फोन केले. औषधाचं दूध होतं हेही सांगितलं. दोघांनी विचारलं, मग आधीचं? आधीचं वेगळंच होतं, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नाही.

आता त्या म्हशीच्या मागच्या पायाला लाल फीत बांधलीय. आंधळ्यालाही दिसेल अशी.

निवृत्त_पशुवैद्य | २२ जुलै, सकाळी ६:१०

जिवाणूंनी तुम्हाला वाचवलं म्हणायचं. पनीर करत असता तर काहीच कळलं नसतं आणि माल घरोघरी गेला असता. लाल फीत उत्तम. धारेआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत घेऊन बघायची सवय लावा, गुठळी लगेच दिसते. धार काढून झाल्यावर म्हशीला पाऊण तास बसू देऊ नका, सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. समोर वैरण टाकली की ती उभी राहते.

वाशीची_मावशी | २२ जुलै, सकाळी १०:३०

गोठेकरीण, खचू नकोस गं. कॅल्शियमचे थेंब घालून माझं जमलं. नातवाने फोटो काढलाय. फोटोत मीठ जास्त पडलेलं दिसत नाही, तेवढं बरंय.

अर्धा_कप | २२ जुलै, सकाळी ११:१४

पावसात त्या मुरवायच्या चाकांचं काय करता? आमच्या घरात चामड्याच्या चपलेला बुरशी येते.

गोठेकरीण | २३ जुलै, रात्री ८:३०

चपलेची आणि चाकाची बुरशी एकच असावी असा मला दाट संशय आहे. चाक मुरायला बारा अंशाच्या आसपास तापमान आणि ८५ टक्के दमटपणा हवा. आमच्याकडे जुना मोठा फ्रीज आहे, त्याला तापमान धरून ठेवणारं बटण लावलंय. फेब्रुवारीत आत पाण्याची परात ठेवावी लागते, नाहीतर कोरड्या वाऱ्याने सालीला भेगा जातात. आत्ता परात बाहेर, तरी एक दिवसाआड प्रत्येक चाक मिठाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, उलटं करायचं. हातांना वास राहतो. लोकलमध्ये शेजारी जागा मिळते.

चार गायींच्या दुधाचं ३ किलोचं एक चाक होतं. कापलं की ते कधी केलं ते रंगावरून ओळखता येतं. आत्ताच्या हिरव्या चाऱ्यावरच्याला हळदीची झाक, उन्हाळ्यातल्या कडब्यावरचं फिकट. म्हशीचं मात्र कायम चुन्यासारखं पांढरं. चाऱ्यातला पिवळा रंग म्हैस दुधात सोडतच नाही, त्याचं जीवनसत्त्व करून टाकते.

खाडीकाठी | २३ जुलै, रात्री ९:०५

आणि ते सुटलेलं पाणी? ४० लिटर दुधाचं तीसेक लिटर तरी निघत असेल.

गोठेकरीण | २३ जुलै, रात्री ९:४०

जास्तच निघतं. पहिल्या वर्षी आम्ही ते मागच्या ओहोळात सोडायचो. पंधरा दिवसांत ओहोळाला असा वास सुटला की खालच्या आळीतल्या आजी काठी घेऊन आल्या. बरोबरच होतं त्यांचं, त्या पाण्यात साखर आणि प्रथिनं इतकी की ओहोळातली हवा संपते, मासे मरतात. आता काही भाकरीचं पीठ मळायला, काही पुन्हा तापवून त्यातून रव्याळ चीज काढतो, उरलेलं थंड करून म्हशींनाच, थोडं थोडं.

गोठेकरीण | ११ सप्टेंबर, सकाळी ७:२०

पहिली व्याली. पहाटे तीनला, पारडी. आई आणि पारडी दोघी ठीक. तासाभरात पारडी उभी राहून सड शोधत होती, तेही चुकीच्या टोकाला.

जुना_नौपाडकर | ११ सप्टेंबर, सकाळी ७:४०

खरवस!

गोठेकरीण | ११ सप्टेंबर, सकाळी ८:१५

काका, आधी पारडीचा. तिला पहिल्या काही तासांत चीक पोटभर मिळायलाच हवा, दिवस उलटला की त्यातली रोगप्रतिकारशक्ती तिच्या आतड्याला घेताच येत नाही. तिचं भागून उरलेला तुमचा. पहिल्या दिवसाचा चीक इतका घट्ट की गूळ-वेलची घालून वाफवला की रेनेट नाही, लिंबू नाही, आपोआप वडी. चीजला मात्र या म्हशीचं दूध आठवडाभर तरी चालायचं नाही.

सानपाडा_५ | २ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

कळवायला उशीर झाला. मी वसुबारसेला सहकुटुंब गोठेकरीणताईंच्या गावी जाऊन आलो. आधी न विचारता गेलो, ही चूक. त्या दिवशी त्यांच्याकडे चीज नाही, विक्री नाही, आमच्या चहातही दूध नाही. सकाळची धार सगळी वासरा-रेडकांना. चार गायींच्या पायावर पाणी, कपाळाला हळदकुंकू, आजींनी पुरणाचा घास भरवला. माझ्या मुलाने विचारलं, म्हशींना का नाही? आजींनी त्याच्या हातात उरलेलं पुरण दिलं आणि म्हणाल्या, "तू दे." त्याने बावीसच्या बावीस म्हशींना बोटबोटभर दिलं. यात पाऊण तास गेला.

संध्याकाळी पलीकडच्या वाडीवर वाघबारस होती. गुराखी पोरांनी वाघ्याच्या दगडाला शेंदूर लावला होता, पातेल्यात खीर शिजत होती. एक पोरगा वाघ झाला आणि बाकीचे त्याला ओरडत पिटाळून लावत होते. माझा मुलगाही त्यात पळाला, आणि चपला तिथेच राहिल्या.

आम्ही रिकाम्या हाताने परत आलो.

गोठेकरीण | २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

चपला सापडल्या आहेत. एक म्हशीने चावलीय.

काल १२१ लिटर झालं. दही बेचाळीस मिनिटांत बसलं, सुरी स्वच्छ निघाली. तुकडा कढत पाण्यातून काढून मी आणि जावेने दोन टोकं धरली आणि ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत गेलो.

सानपाडा_५ | २ नोव्हेंबर, रात्री १०:०९

रविवारी ठाण्याहून घेऊन जाईन. अर्धा किलो. आणि मे महिन्यातल्या त्या ताईंनाही कळवा.

गोठेकरीण | २ नोव्हेंबर, रात्री १०:१४

त्यांचा एक किलोचा नंबर तुमच्या आधी लागलाय.